कोणतं तेल?

एरंडोलच्या हेमराजचं पोस्टकार्ड उत्तरावाचून पडून होतं. "सायकलची चेन करकरते. तू वाचणारा माणूस, कोणतं तेल घालू ते कळव. मग तुझ्याकडे येतो."

मी वाचत बसलो. चेन रॉकेलने धुवावी की डिझेलने, आमच्या धरणगावच्या धुळीत पातळ तेल बरं की मेण. दर पानाला माझं मत बदलायचं. या नादात पावसाळा गेला, हेमराज काही आला नाही.

काल गल्लीच्या तोंडाशी ओळखीची करकर ऐकली आणि मी घाईने चहा टाकला. हेमराज दारात आला तेव्हा चहा उकळत होता.

"काय रे नाना, तुनं वाचन व्हयनं का?"

मी खाली मान घालून कप पुढे केला.


आज उत्तर टाकलं: "कोणतंच तेल घालू नकोस. मला चहा टाकायला वेळ मिळतो."