थोडं राहिलंय

"मान खाली घाल," थोरला म्हणाला.

धाकट्यानं मान खाली घातली. वॉर्डातली नर्स डोकं भादरायला आली होती, पण धाकट्यानं हट्टच धरला, माझा भाऊ असताना दुसऱ्या कुणाचा हात नको. दोघांचं मिळून एक सलून होतं. नर्सनं मशीन थोरल्याच्या हातात देत बजावलं, "वस्तरा लावायचा नाही. ओरखडाही चालणार नाही."

सकाळी डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. मेंदूतली गाठ परत आलेली नव्हती. किरणांच्या शेकानं ती जळाली, पण तिच्या शेजारचा मेंदूचा भागही मेला, आणि आता तो सुजत चालला होता. औषधांनी सूज हटेना. तो भाग काढला नाही तर माणूस हाती लागणार नाही. काढला तर बोलणं जाईल, बहुधा कायमचं. बोलण्याची जागा त्याला अगदी चिकटून आहे.

"काढा," धाकटाच म्हणाला होता.

मशीन सुरू झालं. मांडीवर केस पडू लागले.

"जन्मभर दुसऱ्यांची डोकी धरली, आज माझं तुझ्या तावडीत सापडलं," धाकटा हसला. "दादा, मास्तर दाढीला आले की मिशीला हात लावू नकोस, चिडतात. आणि गिऱ्हाइकाशी चार शब्द बोलत जा रे. तुझ्या तोंडाला कायम कुलूप."

"तू आहेस की बोलायला," थोरला म्हणून गेला आणि त्यानं जीभ चावली.

धाकट्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "माझी छोटी रुसली तर समजूत काढायची नाही. नुसतं शेजारी बसायचं. तिच्या आईला सांग... नको, तिला मी सांगितलंय. आणि हो, तुझी सायकल चोरीला गेली नव्हती. मीच नदीत ढकलली होती."

"माहीत आहे."

"माहीत होतं? मग मारलं का नाहीस मला?"

थोरल्यानं त्याचा कान बोटानं दुमडून धरला. कानामागं, शेक दिलेल्या जागी केस उगवलेच नव्हते. तिथूनही त्यानं मशीन हलकेच फिरवलं. डोकं पूर्ण झालं.

दारात ट्रॉलीवाला येऊन उभा राहिला. "झालं का?"

"थोडं राहिलंय," थोरला म्हणाला.

त्यानं मशीन डोक्यापासून बोटभर वर धरलं आणि तसंच हवेत फिरवत राहिला. केस कापणाऱ्या मशीनचा आवाज वेगळा, रिकाम्याचा वेगळा. धाकट्याला तो झोपेतही कळला असता.

"आणि दादा," धाकटा मान तशीच खाली ठेवून म्हणाला, "ऐक, अजून एक..."