रुइलानचा वाटा

"तो प्रश्न वगळता येणार नाही," नोटरी ऑफिसच्या ले बाईंनी तिसऱ्यांदा सांगितलं. फेइ दाओशिंगने मान हलवली. गाडी सासूबाईंच्या दाराशी उभी होती आणि त्याला उतरावंसं वाटत नव्हतं.

प्रश्न साधा होता. कॅमेऱ्यासमोर म्हातारीला विचारायचं, तुमची मुलगी रुइलान वारली हे तुम्हाला माहीत आहे का? कंपनीतल्या तिच्या शेअर्समध्ये कायद्याने आईचाही वाटा येतो, तो तुम्ही सोडता का?

रुइलान, दाओशिंगची बायको, जाऊन तीन वर्षं झाली होती. ती गेली तेव्हा सासूबाई स्वतः हृदयाच्या दुखण्याने दवाखान्यात होत्या. धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दाओशिंगने त्यांना सांगितलं, रुइलानला मेक्सिकोला पाठवलंय, तिथे आपला नवा कारखाना होतोय. तेव्हा तिथे काहीच नव्हतं. पुढे अमेरिकेने चिनी मालावरचा कर वाढवला, दाओशिंगच्या कंपनीचे पंखे इथून पाठवणं परवडेना, आणि मेक्सिकोत खरंच कारखाना काढावा लागला. खोटं आधी बोलून झालं होतं, कारखाना मागून आला.

त्याच कारखान्याला आता भांडवल हवं होतं, म्हणून कंपनी हाँगकाँगच्या शेअरबाजारात उतरवायची होती. त्यासाठीच्या सरकारी परवानगीचा अर्ज बीजिंगहून दोनदा परत आला. पहिल्यांदा, पंख्याच्या मोबाइल अ‍ॅपवरची परदेशी ग्राहकांची माहिती कुठे साठवता म्हणून. दुसऱ्यांदा, वारलेल्या पत्नीच्या शेअर्सचं काय केलंत म्हणून. दाओशिंग-रुइलानच्या मुलाने आपली सही केव्हाच दिली होती. उरल्या होत्या फक्त सासूबाई. अबूधाबीचे गुंतवणूकदार महिनाअखेरपर्यंत थांबणार होते, त्यापुढे नाही. वकील ज्वांग बाई गाडीत मागे बसल्या होत्या. येताना वाटेत त्या म्हणाल्या होत्या, "साहेब, बाजारासाठीच्या चारशे पानी माहितीपत्रकात कंपनीचे सगळे धोके लिहून काढलेत आपण. हा एक सोडून."

दाओशिंग दर महिन्याला शिपू बंदरावरच्या या घरी यायचा. रुइलानचे निरोप म्हणून आपणच लिहिलेला मजकूर मोबाइलवरून वाचून दाखवायचा. तिकडे उकाडा फार आहे, कामगार चांगले आहेत, गुडघ्याला तेल लावत जा. सासूबाई ऐकून घ्यायच्या. फोनवर बोलायचा हट्ट त्यांनी कधी धरला नाही. कान गेलेत, म्हणायच्या. निघताना सुक्या कोळंबीची पुडी हातात द्यायच्या आणि मालाच्या कंटेनरमधून रुइलानला पाठव, असं सांगायच्या.

कोळंबी खाल्ली की रुइलानच्या अंगावर गांधी उठायच्या, अगदी लहानपणापासून. म्हातारी विसरत चालली, असं समजून तो पुडी गुपचूप घ्यायचा. ती टाकून देणं त्याला जमत नसे. घरी एकटाच भाताच्या पेजेबरोबर खायचा.

सासूबाई टेबलाशी संत्री सोलत बसल्या होत्या. तिघांना आत येताना बघून त्यांनी हात थांबवला.

"आज दोन-दोन बायका घेऊन आलास," त्या म्हणाल्या. "लग्नबिग्न ठरवतोयस की काय?"

ले बाई हसल्या, ज्वांग बाई हसल्या. दाओशिंगला हसू जमलं नाही. रुइलानच्या शेअर्सचा एक कागद आहे, एवढंच तो म्हणाला.

ले बाईंनी कॅमेरा उभा केला. नाव विचारलं, वय विचारलं. ब्याऐंशी, सासूबाई म्हणाल्या, आणि कॅमेऱ्यात याहून म्हातारी दिसत असेन तर तो नीट लावून घ्या, असंही म्हणाल्या. मग ले बाईंनी कागद पुढे ओढला आणि चष्मा वर सरकवला.

दाओशिंग उठून उभा राहिला.

"बंद करा ते," तो म्हणाला. "आई, काही नाही. कागदात चूक राहिलीय. पुन्हा कधीतरी येऊ."

ज्वांग बाईंनी त्याची बाही धरली. महिनाअखेर, एवढंच त्या हळू आवाजात म्हणाल्या. त्याने बाही सोडवून घेतली. बाजार नको, अबूधाबी नको, आहे तेवढं चालवू, नाही चाललं तर बंद करू, असं तो म्हणाला. तो थकला होता. तीन वर्षं तो थकलेलाच होता.

"खाली बस, आशिंग," सासूबाई म्हणाल्या. मग ले बाईंकडे वळल्या. "तुम्ही विचारा."

ले बाईंनी कागदावरचा प्रश्न जसाच्या तसा वाचला.

सासूबाईंनी रुइलान गेली ती तारीख सांगितली. वार सांगितला. सकाळची वेळ होती, तेही सांगितलं. वाटा सोडते, म्हणाल्या.

सहीशेजारी लाल शाईत अंगठा उमटवावा लागतो. तो तीनदा घ्यावा लागला. आयुष्यभर बंदरावर कोळंबी सोलून त्यांच्या अंगठ्यावरच्या रेषा झिजल्या होत्या.

कागद घेऊन दोघी बाहेर गाडीत जाऊन बसल्या. दाओशिंग खुर्चीतच राहिला. कधीपासून माहीत होतं, हे त्याला विचारायचं होतं. सासूबाईंनी अंगठा फडक्याला पुसला. फडताळ उघडलं आणि नेहमीची पुडी आणून त्याच्यापुढे ठेवली.

त्याने पुडी हातात घेतली.

"आई," तो म्हणाला, "रुइलानला कोळंबी चालत नव्हती."

"तिला नव्हतीच चालत," त्या म्हणाल्या. "तुला आवडते ना?"