मध्येच गळलेली

स्तनाच्या कॅन्सरवरच्या परिषदेत डॉक्टर सबनीसांनी पडद्यावर आकडा दाखवला. हॉर्मोनच्या गोळ्या चालू असलेल्या साठ बायकांपैकी एक उपचारातून मध्येच गळली होती.

"का गळली?" कुणीतरी विचारलं.

"खेड्यातल्या बायका. बरं वाटलं की फिरकत नाहीत," डॉक्टर म्हणाले. सभागृह हसलं.

मागे बसलेल्या, त्यांच्याच ओपीडीतल्या पुष्पलता सिस्टर हसल्या नाहीत. ती एक म्हणजे सोनाबाई, आणि ती आली होती. काखेतली नवी गाठ दाखवायला दोन एसट्या बदलून आली होती. "डॉक्टर परिषदेला गेलेत, पुढच्या तारखेला या," सिस्टरांनीच तिला सांगितलं होतं. तीन महिन्यांनी तिची सून आली, सासू गेल्यावर उरलेल्या गोळ्या परत करायला.

टाळ्यांनंतर डॉक्टर खाली उतरले.

"सिस्टर, पुढच्या बुधवारी जयपूरला परिषद आहे. ओपीडी बंदची पाटी लावा."