सोमण वहिनींची दया

स्पितीच्या बर्फाळ कड्यावर आयबेक्सचं, म्हणजे पहाडी रानबकऱ्याचं, एक करडू दगडासारखं उभं होतं. वरच्या कपारीत हिमबिबट्या बसला होता. "हललं नाही तर त्याला दिसणार नाही," वाटाड्या तंडुप कुजबुजला.

सांगलीहून आलेले आम्ही सारे शाकाहारी, कॅमेरे रोखून, ते कधी हलतंय याची वाट पाहत होतो. सोमण वहिनींना मात्र राहवेना. गच्चीतल्या पापडांवरचे कावळे उडवतात तशी त्यांनी खणखणीत टाळी वाजवली. "पळ रे बाळा."

करडू पळालं. बिबट्याने दोन उड्यांत त्याची मान धरली. खालच्या उतारावर त्याची आई थोडा वेळ ओरडली, मग कळपामागे निघून गेली.

वहिनी मटकन बर्फातच बसल्या. "अहो, मी त्याला वाचवायला गेले."

"वाचवलंस तू आम्हाला," सोमण म्हणाले. "आठवडाभर नुसता बर्फ बघत होतो."

आमच्यातले बर्वे तेवढे त्या क्षणी चहा ओतत होते, त्यांचा फोटो हुकला. त्यांनी वहिनींच्या हातात गरम कप दिला, शेजारी उकिडवे बसले आणि पलीकडच्या कड्याकडे बोट दाखवलं. "वहिनी, तिथे अजून एक उभं आहे."