सोफ्याची जागा

"माणसाची खरी पारख त्याच्या दिवाणखान्यावरून होते," असं निवृत्त मास्तरांनी जाहीर केलं आणि मागे सरकताना रंगाच्या डब्यात पाय घातला.

खोलीच तिरपागडी होती. तीन दारं, त्यात एक भिंत तिरकी. बायको गेल्यापासून मास्तर एकटे होते. आठवड्याने लेक यायची होती आणि घर धड दिसलं नाही, तर ती त्यांना आपल्याकडे घेऊन जाणार होती.

भिंती पोपटी झाल्या, पण नवा सोफा कुठेही ठेवला तरी एखादं दार अडायचंच. लेक यायच्या दुपारी मास्तर थकून चहा करायला गेले. परत येतात तो सोफा तिरक्या भिंतीला लागलेला आणि तिन्ही दारं मोकळी. मापासाठी त्यांनी सोफ्याभोवती फरशीवर आखलेली खडूची रेघ मात्र जराही पुसली नव्हती.

बायकोला सामान सरकवायची भारी हौस. मास्तरांचे डोळे पाणावले. "खुर्च्या राहिल्यात हं," असं म्हणून ते पुन्हा आत गेले. खुर्च्याही लागल्या.

लेक बघतच राहिली. "बाबा, एकट्याने केलंत?"

"छे गं, मदत होती."

"मग राहा बापडे इथेच. तुमचे कपडे भरायला आणलेली बॅग रिकामीच नेते."

ती गेल्यावर मास्तर सोफ्यावर ऐसपैस बसले आणि त्यांनी हात जोडले. "तुझे उपकार कसे फेडू गं?"

शेजारची गादी हळूच दबली.

"उपकार कसले त्यात!" आवाज बायकोचा नव्हता. "जरा सरकून बसता का?"