थांबलेला हात

व्याह्यांची पाठ वळली न वळली तोच कुंडलिकनं खोऱ्याचा दांडा उचलला आणि साळुबाईच्या पाठीत घातला.

गुन्हा काय, तर जेवताना तिनं सवयीनं घास करून नवऱ्याच्या तोंडाशी नेला. सहा वर्षं भरवलं होतं तिनं त्याला. कंपवातानं हात असा उडायचा, की आमटीची वाटी अंगावर यायची. चार महिन्यांमागं पुण्यात डॉक्टरांनी मेंदूत तारा सोडल्या, छातीत कातडीखाली मशीन बसवलं आणि हात थांबला. आता तो आपल्या हातानं जेवतो, हेच ती बया विसरली. व्याही हसले.

"मी काय लुळा हाय व्हय गं?"

दुसरा फटका खांद्यावर बसला. तिसऱ्यानं ओठ फुटला. लग्न झाल्यापासून असाच मारायचा. आजारपणाची सहा वर्षं तेवढी सुटका होती. आणि ऑपरेशन करा म्हणून डॉक्टरच्या पाया पडली होती तीही हीच!

चौथ्यांदा दांडा डोक्याच्या वर गेला. आता हा जीव घेणार, साळुबाईला कळून चुकलं. तिनं कमरेच्या पिशवीतलं लोहचुंबक काढलं. मशीन बंद पडलं तर छातीला लावून चालू करायचं, म्हणून नर्सनं ते तिच्याच हातात दिलं होतं. चालू मशीन त्यानंच बंद होतं, हेही बजावलं होतं. ती पळाली नाही. उलट त्याच्या अंगावर धावून गेली, गच्च मिठी मारली आणि चुंबक त्याच्या छातीवर दाबून धरलं. पाठीत बुक्के बसत होते. तिनं सोडलं नाही.

बुक्के ढिले पडले. दांडा फरशीवर आदळला. आधी हात थडथडायला लागला, मग हनुवटी, मग गुडघे. कुंडलिक भिंतीला टेकून घसरत खाली बसला.

"लाव... परत लाव, साळे."

तिला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचाच राग आला.

व्याह्यांना मंचरला एसटीत बसवून लेक भरत परतला. बापाचा हात बघितला, आईचा ओठ बघून न बघितल्यासारखं केलं. मशीन बिघडलं वाटतं, उद्या करंट तपासून घ्यायला पुण्याला जायचंच आहे, डॉक्टरला दाखवू, असं काहीबाही बोलू लागला.

साळुबाईनं पदरानं रक्त पुसलं. चुंबक मुठीतच होतं.

"मशीन न्हाई बिघडलं. करंट कमी-जास्त करता येतो ना? मग डॉक्टरला सांग, घास तोंडापत्तुर जाईल एवढाच ठेवा म्हणावं. त्येच्या वर हात जायला नगं."