चौथी पट्टी

“माझ्या पट्ट्यांना हात कुणी लावला?”

तारमास्तरांचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत गेला. घरात माणसं दोनच, तेव्हा प्रश्न कुणाला होता हे सांगायला नको. घरबसल्या दूरवरच्यांशी बोलायच्या हौशी रेडिओशेजारी त्यांचा इक्वलायझर होता, वरखाली सरकणाऱ्या पाच पट्ट्यांचा. प्रत्येक पट्टीची जागा त्यांनी पेन्सिलीने आखून ठेवली होती. संध्याकाळी त्यांच्यासारख्याच चार निवृत्तांचा रेडिओवर अड्डा जमायचा, आणि मित्रांचे आवाज भरदार यावेत म्हणून मास्तरांनी वर्षभर खपून जाड आवाजाचा बेस चढवला होता, बारीक आवाजाचा ट्रेबल उतरवला होता. आज पुन्हा चौथी पट्टी रेघेच्या वर होती.

“फडकं मारताना लागला असेल हात,” बायको म्हणाली.

“रोज उठून फडकं चौथ्याच पट्टीला लागतं? मला काय दूधखुळा समजतेस?”

तसं मास्तरांचं डोकं चार महिन्यांपासूनच तापलेलं होतं. एकुलती एक मुलगी त्यांचा शब्द मोडून दूरच्या बेटावर हवामानखात्याच्या नोकरीला गेली होती. तिथे फोन नाही, टपालाची बोट वर्षातून दोनदा. होता तो फक्त रेडिओ, आणि तो चालवायला मुलीला मास्तरांनीच शिकवलं होतं, लायसनही हौसेने काढून दिलं होतं. ती निघाली तेव्हा मास्तर म्हणाले, “या घरातून तुला एक शब्द यायचा नाही.” बायकोकडे लायसन नव्हतं. लायसनशिवाय ऐकता येतं, बोलता येत नाही, हे त्यांनी तिला त्याच दिवशी दोनदा बजावलं. असल्या वेळी माणसाला कायदा बरा आठवतो!

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास मास्तर नेहमीसारखे वाचनालयात जायला निघाले, अर्धा जिना उतरले आणि चपला हातात घेऊन परत वर आले. आज चोर रंगेहाथ पकडायचाच होता.

बायको रेडिओपुढे बसली होती. वयोमानाने तिला बारीक आवाज ऐकू येईनासे झाले होते. मास्तरांच्या रेघांवर मुलीचं बोलणं तिला डब्यात कुणी गुरगुरावं तसं यायचं. म्हणून ती बेसच्या पट्ट्या खाली ओढायची, चौथी आणि पाचवी पार वर ढकलायची, तेव्हा कुठे शब्द सुटे व्हायचे. नंतर सगळं आपल्या परीने रेघेवर आणून ठेवायची. चौथ्या पट्टीची रेघ पुसट होती, ती तिला चष्म्यातूनही दिसत नसे.

“आई, आज वारा फार आहे,” मुलगी सांगत होती. “चार महिने रोज दहाला बोलते मी. पलीकडे तू आहेस की नुसती भिंत, काही कळत नाही. बाबांनी कदाचित मशीनच विकलं असेल. उद्यापासून नाही बोलणार. ओव्हर.”

“बंद कर ते!” मास्तर दारातून गरजले. “माझ्या पाठीमागे हे धंदे?”

बायकोने वळून पाहिलं. जन्मभर तिने पडतं घेतलं होतं. आता तिचा चेहरा रागाने लालबुंद झाला होता. तिने माईक उचलला.

“खबरदार! माझं लायसन जाईल!”

“जाऊ दे चुलीत,” ती म्हणाली आणि बटण दाबलं. “आहे गं, मी आहे इथे. रोज ऐकते. एक दिवस चुकवला नाही.”

मास्तर ओरडतच होते. गुन्हा आहे हा, अक्कल गहाण टाकलीस का, ठेव तो माईक खाली, तुम्ही मायलेकी एकाच माळेचे मणी! त्यांनी माईक ओढला, तिने तो छातीशी धरला. तिचा अंगठा बटणावरून हलला नाही. सांगायचं ते सांगून झाल्यावरच तिने अंगठा उचलला.

आधी नुसती खरखर आली.

मग मुलीचा आवाज आला. ती रडत होती की हसत होती, सांगता येत नव्हतं.

“आई, मागे बाबा ओरडतायत ना? ओरडू दे गं त्यांना. तू बटण दाबून ठेव.”